खटक्याची ग्यारंटी

संभाजीनगरच्या वितरकानं मला फसवलं आणि मी माझ्या घरमालकाला फसवलं. यात तिसरं कोणी नाही. घरमालकानंही कोणाला फसवलं असतं तर मला हे लिहिणं सोपं गेलं असतं, पण त्या माणसाला साधा धंदासुद्धा करता येत नव्हता. हे मी कौतुकानं म्हणत नाही. अकरा वर्षं त्याच्या भिंतीला भिंत लावून मी दुकान चालवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं त्याच्यावर चिडण्यात गेली.

गेवराईत त्याला सगळे मिस्त्री म्हणत. एस.टी.च्या वर्कशॉपात त्याची नोकरी झाली. तिथंच एकदा बसच्या स्प्रिंगचा पाटा डाव्या हातावर पडला आणि तीन बोटं कायमची ताठ राहिली. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. बाजाराच्या रस्त्यावर त्याच्या दोन खोल्या होत्या, एकीमागे एक. पुढची त्यानं मला दुकानासाठी दिली आणि मागचीत तो राहिला.

खोली ठरवायला मी पूर्ण तयारीनं गेले होते. त्याआधी मी चकलांबा, पाटोदा, जिथं बाजार भरेल तिथं पाटीत विळे-खुरपी घेऊन बसत असे. भाव करायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. भाड्याचा जो पहिला आकडा मी बोलले, तो त्यानं मान डोलावून कबूल केला. मला चुटपुट लागली, आणखी खाली बोलायला हवं होतं. मग त्यानं त्याची एकच अट सांगितली. "माझ्याकडं येणारा माणूस तुमच्या दुकानातून येईल. मागून वाट न्हाई." किती माणसं येतात, असं मी विचारलं. "येतेत," तो म्हणाला.

एकट्या माणसाकडं कोण येणार, असं मनाशी म्हणत मी हो म्हटलं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी माझ्या रंगाच्या डब्यांमधून नऊ माणसं आणि दोन शेळ्या आत गेल्या. एका शेळीनं जाता जाता सुतळीचा गुंडा चघळला. मी भरपाई मागितली, तर मिस्त्रीनं मलाच विचारलं, सुतळी खाली कावून ठेवली?

त्याच आठवड्यात माझ्या तोंडून एक चूक झाली. पागोटेवाला एक म्हातारा धनगर खोलीचा धनी कुठं आहे म्हणून विचारत होता. मी म्हटलं, "मालक आत आहेत." म्हाताऱ्यानं आत डोकं घातलं आणि ओरडला, "मिस्त्री, तुमची मंडळी बोलवायलीय." बाजार महिनाभर हसला. माझा नवरा तोवर मला सोडून गेलेला होता, त्यामुळं ते हसणं मला जरा जास्त लागलं. तेव्हापासून मी त्याला मिस्त्रीच म्हणू लागले. तो मला शेठाणी म्हणायचा. त्या वेळी माझ्या दुकानात तीन मापांचे खिळे होते.

ही माणसं येत ती घडीचा चाकू घेऊन. घडीचा चाकू उघडायला दोन हात लागतात. मेंढीचं वाढलेलं खूर काढायला बसलेल्या माणसाचा एक हात तिच्या पायात अडकलेला असतो, मग तो पातं दातानं ओढतो. हात गेल्यावर मिस्त्रीनंही काही वर्षं दातानंच चाकू उघडला आणि त्यात पुढचा एक दात घालवला. नंतर त्यानं स्वतःच्या चाकूला खटका बसवला. मुठीत स्प्रिंगची कमान, वर ज्वारीच्या दाण्याएवढं बटण. अंगठा दाबला की पातं बाहेर. ते बघून एका मेंढपाळानं आपला चाकू आणून दिला, मग दुसऱ्यानं. मोसंबीच्या बागवाल्यांना कळलं, तेही येऊ लागले.

खटका मात्र तो कोणालाही बसवून देत नसे. आधी हात बघायचा. तळवा उलटा करून, नाकाजवळ नेऊन. एकदा वाळूच्या गाड्यांवरचे दोन तरुण आले होते, इस्त्रीच्या कपड्यात. चाकू माझ्याच दुकानातून घेतलेले. मिस्त्रीनं विचारलं, शेरडं किती? नव्हती. बाग? नव्हती.

"मग खटका कावून पायजे?"

"असंच, मिस्त्री. दोस्तात दाखवायला."

"मोबाईल हाय न्हवं बे तुझ्याकडं? त्यो दाखव."

दुप्पट देतो म्हणाले तर त्यानं केरसुणी घेतली आणि त्यांच्या पायांपाशी झाडायला लागला. मी संतापले. त्या दोघांच्या मागून आणखी दहा जण माझ्याकडं चाकू घ्यायला आले असते. पण त्याला कारण होतं, ते मला पुढं कळलं. फार पूर्वी त्यानं खटका बसवलेला एक चाकू कोणाच्यातरी भांडणात निघाला. साक्षीसाठी त्याला बीडच्या कोर्टात तारखेवर तारखा पडल्या. एक तारीख चुकली आणि त्याच्या नावानं वारंट निघालं. शिपायानं त्याला वर्कशॉपातून, सगळ्यांसमोर, तेलाच्या कपड्यांत नेलं होतं.

त्यामुळं वारंटी हा शब्द त्याला चालत नसे. माझ्या दुकानात मोटारीच्या पंपांवर वारंटीच्या चिठ्ठ्या असत. तो आत जाताना त्या चिठ्ठ्या भिंतीकडं फिरवून जायचा. एकदा मी वैतागून पाटीवर दोन्ही शब्द लिहिले आणि दाखवलं, बघा, एका वेलांटीचा फरक आहे.

"वेलांटी पुसायला किती येळ लागतो, शेठाणी?"

तो स्वतः देत असे ती ग्यारंटी. चाकू झाला की पात्याच्या बुडाशी एक बारीक ठसा मारायचा, टिकलीएवढा. त्याला कागद नव्हता. मुदत विचारली की म्हणायचा, मी हाय तवर. अट एकच होती. महिन्यातून एकदा चाकू आणून दाखवायचा. दोन महिने कोणी आला नाही की ग्यारंटी खलास.

तपासायचाही कसा, तर चाकू कानाशी धरून. खट. पुन्हा मिटून, खट. कधी म्हणायचा, आवाज वला आलाय. मग कोंबडीच्या पिसानं शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एवढ्या कामाला अर्धा तास लागे, कारण मध्ये चहा व्हायचा, कुठल्या शेळीला किती करडं झाली, कुणाची मेंढी लंगडतीय, हे सगळं व्हायचं. माणसांपेक्षा जनावरं त्याच्या जास्त लक्षात राहत. कोणी चुकून तीन महिन्यांनी आला तर त्याला तो दारात उभा करून झापायचा आणि ग्यारंटी संपली म्हणून सांगायचा. तो माणूस बसून राहायचा. शेवटी मिस्त्री चाकू घ्यायचा. ग्यारंटी कायमची संपलेला माणूस मी एकही पाहिला नाही.

मी त्याला कितीदा सांगितलं, तपासणीचे पैसे लावा. फुकट कामाला किंमत नसते. तो म्हणायचा, "पैसे लावले तर चाकू बिघडल्यावरच येतील."

त्याच्या खोलीत सगळं आपोआप उघडे. खाटेवरून दोरी ओढली की दाराची कडी पडायची. साखरेच्या डब्याचं झाकण, खिडकी, ट्रंक, छत्री, सगळ्याला त्यानं काही ना काही कमान बसवलेली. मिटायला मात्र उठून हातानंच मिटावं लागे. मिटायचंही का नाही करत, असं मी एकदा विचारलं. "उघडायचं मशीननं. मिटायचं माणसानं. मिटताना ध्यान पायजे, न्हाई तर बोट जातं." तीन ताठ बोटांचा हात त्यानं तेव्हा मांडीखाली घेतला.

दिवाळीनंतर अर्धा तालुका ऊसतोडीला जाई, मेंढ्याही चाऱ्यासाठी लांब निघत. मग दुपारभर माझ्या दुकानातून कोणी आत जात नसे. आमच्या मधली भिंत एका विटेची. पलीकडून आवाज यायचा, खट. थोड्या वेळानं पुन्हा खट. स्वतःचाच चाकू तो उघडून मिटून बघत बसायचा. मी अलीकडं डबा खात असे, एकटीच. मध्येच तो भिंतीतून विचारायचा, "शेठाणी, कोण आलतं का?" मी नाही म्हणायचे. एका दुपारी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, आलते चौघं, तुमी झोपलेले म्हणून गेले. मला वाटलं, तो हसेल. त्या हंगामात पुन्हा तो दुपारी आडवा झाला नाही.

आता वितरकाचं सांगते.

एका कंपनीचे घडीचे चाकू बाजारात आले होते. पुठ्ठ्याचा डबा, आत प्लास्टिकची पिशवी, आयुष्यभराच्या वारंटीचं कार्ड. आमच्या भागाचा माल संभाजीनगरचा एक वितरक सोडत असे. मी त्याच्या ऑफिसात जाऊन भाव केला. तासाभरात तो एवढा खाली आला की म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर मलाच विकायला काढलं." मी खुशीत परत आले. एवढा का वाकला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला ती माझ्या जिभेची कमाई वाटली.

चाकू पुढच्या खोलीत विकले जायचे आणि मागच्या खोलीत त्यांना खटका बसायचा. चार-पाच महिने बरे गेले. मग एका बाजाराच्या दिवशी तोच पागोटेवाला म्हातारा, चकलांब्याचा, हाताला फडकं गुंडाळून आला. माझ्याकडं न बघता आत गेला. मी मागोमाग गेले. खूर काढताना पातं रिबीटच्या भोकापाशी मोडलं होतं आणि त्याच्या तळव्यात घुसलं होतं.

मिस्त्रीनं तुकडा खिडकीशी धरला. "खटक्यानं न्हाई मोडलं. पोलाद कच्चं हाय. बघा, दाणा दिसायलाय, गुळावानी."

म्हातारा म्हणाला, "मला पोलादाचं काय सांगता, मिस्त्री? टिकली तुमची हाय."

एवढ्यावर ते मिटलं. मिस्त्रीनं स्वतःच्या खिशातला चाकू काढून त्याला दिला. पुढं दर बाजाराला एक-दोन मोडके चाकू येऊ लागले. तो प्रत्येकाला जुन्या पात्यांतून नवा चाकू करून द्यायचा. मी म्हटलं, दोष कंपनीचा आहे, तुम्ही का भरता? तो म्हणाला, "त्यांनी खटका मला इचारून बसवला. कंपनीला न्हाई."

मी संभाजीनगरला गेले. वितरकानं कार्ड उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवली. चाकूत कोणताही बदल केल्यास वारंटी रद्द. मी विचारलं, बदल मुठीत केला तर पातं कसं मोडतं? आवाज चढवला, तेव्हा शेजारच्या खोलीतली माणसं उठून दारात आली. मग त्यानं चहा मागवला आणि तोडगा काढला. विकलेला, न विकलेला, सगळा माल बदलून देतो. फक्त ज्यानं खटके बसवले त्याची एका कागदावर सही पाहिजे. "काम कंपनीनं नाही, त्यांनी केलं, एवढंच लिहिलंय, मॅडम. फाईलला लागतं."

कागद इंग्रजीत होता. मी दहावी शिकले. डब्यांवरची नावं वाचते, पानभर इंग्रजी मला येत नाही. रस्त्यात चार जण भेटले असते वाचून द्यायला. मी कोणाला दाखवला नाही. सौदा जमला होता.

मिस्त्री कागद बघताच मागं सरला. "यात वारंट न्हाई ना?"

"न्हाई. ग्यारंटीचा कागद हाय. तुमच्या हाताची ग्यारंटी कंपनीनं मान्य केली, असं लिहिलंय."

पहिल्या वाक्यावरच त्यानं पेन मागितलं होतं. दुसरं मी कशाला बोलले? गिऱ्हाईक तयार झालं तरी मी बोलत राहते, सवय आहे, असं मी स्वतःला सांगत आले. त्यानं हात धुतले, खुंटीवरचा सदरा घातला आणि सावकाश सही केली. झेरॉक्स मागितली. दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकमध्ये घालून आणली आणि कामाच्या फळीवर लावली. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचा. "कंपनीनं लिहून दिलंय." माणसं मान डोलवायची. मला रोज ते दाराच्या फटीतून दिसायचं. आठ दिवसांत बदललेला माल आला. मी त्या दिवशी पेढे वाटले.

एका शाळेतले गुरुजी मोसंबीची कलमं करताना डोळे भरायचा चाकू तपासायला यायचे. त्यांनी उभ्या उभ्या तो कागद वाचला. मी पुढं तारेचं बंडल बांधत होते, मला सगळं ऐकू येत होतं. गुरुजींनी मराठीत सांगितलं. चाकू माझ्या सदोष कामामुळं मोडले. कंपनीच्या मालात दोष नव्हता. कोणाला इजा झाली तर मी जबाबदार आहे.

"मिस्त्री, हे तुम्ही कशाला लिहून दिलं?"

मग मिस्त्रीचा आवाज आला. "बसा, गुरुजी. चाकू दाखवा." खट. मिटून, खट. तेल झालं, गुरुजी गेले. चहा तेवढा झाला नाही.

मग तो पुढं आला. काउंटरच्या अलीकडं तो कधी येत नसे.

"शेठाणी, तुमाला वाचता आलं व्हतं का?"

"न्हाई." हे खरं होतं.

"मग ग्यारंटी हाय म्हणून कावून सांगितलं?"

यावर मी भांडले. सगळं काढलं. तुमच्या खटक्यापायी माझा माल अडकला, तो मी सोडवून आणला, अकरा वर्षं तुमच्या शेळ्या माझ्या दुकानातून गेल्या, तुमी कधी मला विचारलं का. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, मी दमेपर्यंत. मग आत गेला.

पुढच्या बाजारापासून जो येईल त्याच्या चाकूची कमान तो काढू लागला. पात्यावरची टिकली कानशीनं घासायचा आणि चाकू परत द्यायचा. "आता दोन हातानं उघडा." माणसं वाद घालायची. चकलांब्याच्या म्हाताऱ्यानं चाकू मुठीत धरून ठेवला. म्हणाला, कागद जाळा तिकडं, मला तुमचीच ग्यारंटी पायजे. मिस्त्री म्हणाला, "माझ्या हातात दोष हाय. इंग्रजीत लिवलंय." त्याला ते खरंच वाटत होतं, की भिंतीपलीकडं मी ऐकतेय म्हणून तो बोलत होता, हे मला सांगता येणार नाही. म्हाताऱ्यानं चाकू दिला नाही. पुन्हा आलाही नाही.

सगळे चाकू साधे करून झाल्यावर त्यानं मागच्या भिंतीत स्वतः दार पाडलं. एका हातानं, आठ दिवस लागले. विटा नीट रचून ठेवल्या. आता माझ्या दुकानातून कोणाला जायची गरज नव्हती, आणि मागूनही कोणी येत नव्हतं. त्याच्या खोलीत भांड्यांचा आवाज यायचा तेवढाच. मी दुपारी डबा उघडला की मुद्दाम झाकण आपटायचे. दोनदा भिंतीशी जाऊन म्हटलंसुद्धा, मिस्त्री, कोण आलतं का? पलीकडं भांडी वाजत राहिली.

पुढं त्याची बहीण त्याला पाटोद्याकडं घेऊन गेली. त्या थंडीत तो वारला. मी पोहोचले तेव्हा दहावा होऊन गेला होता. बहिणीनं ट्रंकेतून तो प्लास्टिकमधला कागद काढला. तिच्या जावयानं तिला वाचून दाखवला होता. तिनं विचारलं, "बाई, माझ्या भावाच्या हातून कुणाला लागलं का?"

मी नाही म्हटलं.

"मग त्यानं सही कावून केली?"

मी चहा घेतला आणि बस धरली.

मागच्या महिन्यात सिमेंटच्या पोत्याची शिवण कापायला चाकू हवा होता. बदललेल्या मालातला एक डबा फोडला; खटका बंद झाल्यापासून ते डबे तसेच पडून होते. दुसऱ्या टाक्याला पातं माझ्या हातात आलं. मोडलेल्या जागी तोच गुळासारखा दाणा. मी आणखी आठ डबे फोडले, फळीवर पाती दाबून बघितली. पाच मोडली. माल तोच होता. डबे तेवढे नवे होते. मी वितरकाच्या ऑफिसात तीनदा गेले. साहेब बाहेर आहेत. फोनवर सापडले तेव्हा म्हणाले, "मॅडम, तुम्हीच त्यात काहीतरी बदल केला असेल."

म्हणून हे सगळं लिहिलं. त्यानं सही का केली, याचं माझ्या वाट्याचं उत्तर वर दिलं आहे, ते मी पाटोद्याला जाऊन त्याच्या बहिणीसमोरही देणार आहे. पण एकटं माझं उत्तर घेऊन गेले तर तिच्या हातातला कागद खोटा ठरत नाही. वितरकसाहेब, तो तुम्हीच खोटा ठरवू शकता. मोडलेले सहा चाकू काउंटरवर ठेवले आहेत. त्यांना बटण नाही, कमान नाही, टिकली नाही. हे डबे फोडले तेव्हा मिस्त्री जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हा साहेब, मराठीत आणि तुमच्या सहीनं लिहून द्या, यांना खटका कोणी बसवला होता?